फाउंड्री, क्रशर, पेंट शॉप आणि सांधे-त्वचेचे आजार : डॉक्टरकडे नेण्याची 'कामाची फाइल' कशी बनवायची

कुपवाड, मिरज, पलूस, साताऱ्याची एमआयडीसी, तासवडे, शिरवळ. इथल्या एखाद्या कामगाराची बोटं सुजायला लागली, थंडीत पांढरी पडायला लागली, की पुढच्या गोष्टी बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतात. आधी 'वात भरलाय' म्हणून मालिश. मग मेडिकलमधून गोळ्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून लॅबमध्ये जाऊन एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी). मग रिपोर्ट पाहून घाबरून कामाला रामराम. आणि या सगळ्यानंतर कधीतरी संधिवाततज्ज्ञ. ते विचारतात, "काम काय करता?" उत्तर येतं, "कंपनीत आहे." केसपेपरवर 'नोकरी' एवढंच लिहिलं जातं आणि तो विषय तिथेच मिटतो.

हा क्रम सुलटा कसा करायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

आजार कोणते? स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होत जाणे, बोटांचा रक्तपुरवठा आखडणे, पुढे फुप्फुस-मूत्रपिंडावर परिणाम), ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड यांना सूज आणणारा), आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, स्नायूंना सूज आणणारे मायोसायटिस, डोळे-तोंड कोरडं पाडणारा शोग्रेन. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच संयोजी ऊतींवर (त्वचा, सांधे, अवयव यांना आधार देणाऱ्या ऊतींवर) उलटते, हे या सगळ्यांचं मूळ. एका माणसाचा आजार कामामुळेच झाला असं छातीठोकपणे सांगणं अवघड असतं. पण काही कामांत धोका वाढतो हे पक्कं माहीत आहे, आणि ते काम डॉक्टरला कळलं तर कोणत्या तपासण्या करायच्या, पुढे काय टाळायचं, हे बदलतं.

## टप्पा १ : आपलं काम धोक्याच्या यादीत बसतं का?

सगळ्या धुळी सारख्या नसतात. पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे नुसता संशय, हे आधी वेगळं करा.

सिलिका. सगळ्यात भक्कम पुरावा याचा आहे. वाळूत, ग्रॅनाइटमध्ये, क्वार्ट्झमध्ये असणारा स्फटिकी सिलिका बारीक धुळीतून फुप्फुसात गेला की सिलिकोसिस होतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. तोच सिलिका स्क्लेरोडर्मा, आमवात, ल्युपस आणि रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या काही आजारांचाही धोका वाढवतो, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. धूळ घेतल्यापासून आजार दिसेपर्यंत दहा-वीस वर्षंही जातात. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला म्हणजे सुटलो, असंही नाही. सिलिकोसिस नसतानाही हे आजार झालेले आढळतात.

आपल्याकडे सिलिका मिळतो तो मुख्यतः फाउंड्रीत. तिथेही प्रत्येक विभागाची धूळ वेगळी. मोल्डिंगची वाळू ओलसर असते, त्यामुळे त्या मानाने कमी उडते. खरा फुफाटा नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढताना. त्यानंतर फेटलिंगला, कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरने काढताना. कोअर शॉप, वाळू परत वापरायला चाळणारा प्लांट आणि भट्टीचं अस्तर फोडून नवं भरणारे लोक यांनाही मोठा डोस बसतो. वाळूने सँड ब्लास्टिंग होत असेल तर ते काम सगळ्यात वाईट. स्टीलच्या शॉटचं ब्लास्टिंग त्यापेक्षा बरं, पण कास्टिंगवरची वाळू तिथेही उडतेच.

क्रशरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. सातारा-सांगलीच्या खाणीतला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात मोकळा क्वार्ट्झ बराच कमी असतो. म्हणून क्रशरवर काम करणाऱ्याने 'माझा धोका फाउंड्रीवाल्याएवढाच' असं गृहीत धरू नये, आणि 'काळ्या दगडाने काही होत नाही' असंही म्हणू नये. धूळ ती धूळच, फुप्फुसाला ती नकोच असते. ग्रॅनाइट कापणाऱ्याचं, किचन ओट्याचे क्वार्ट्झ टॉप बसवणाऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे. कारखान्यात बनवलेल्या त्या कृत्रिम दगडात नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असू शकतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आपल्याकडे तोच दगड बांधकामाच्या जागी, बंद खोलीत, कोरडाच कापला जातो.

सॉल्व्हंट. पेंट शॉपमधला थिनर, डीग्रीझिंगचं, म्हणजे सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस काढण्याचं, ट्रायक्लोरोइथिलीन (कामगारांच्या बोलीत 'ट्रायक्लो'), छपाईची रसायनं. यांचा संबंध मुख्यतः स्क्लेरोडर्माशी आढळतो. पुरावा सिलिकाइतका घट्ट नसला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. इथे श्वासाइतकीच त्वचाही महत्त्वाची. पाळी सुटताना थिनरने हात धुण्याची सवय अनेक शेडमध्ये आहे. दिवसभर मास्क लावून काम केलेला माणूस शेवटच्या पाच मिनिटांत कोपरापर्यंत थिनर चोळतो.

कंपन. चिपिंग हॅमर, ब्रेकर, अँगल ग्राइंडर. यांनी बोटं पांढरी पडण्याचा वेगळाच विकार होतो. तो संयोजी ऊतींचा आजार नव्हे, पण दिसतो तसाच. फरक टप्पा ४ मध्ये आहे.

व्हिनाइल क्लोराइड. या वायूने स्क्लेरोडर्मासारखा आजार होतो, पण तो वायू पीव्हीसीची पावडर बनवणाऱ्या कारखान्यात असतो. तयार पावडरपासून पाइप काढणाऱ्या युनिटमध्ये त्याचं प्रमाण नगण्य असतं. पाइपच्या कारखान्यात आहात म्हणून घाबरू नका.

संशयाच्या पातळीवरचं. विट्याच्या यंत्रमागांवरची कापसाची धूळ घ्या. मलेशियातल्या महिलांच्या अभ्यासात कापड उद्योगातली धूळ आणि आमवात यांचा संबंध दिसला आहे. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांतल्या फवारण्यांबाबत कीटकनाशकं आणि आमवात-ल्युपस असे काही अभ्यास आहेत, चित्र अजून स्पष्ट नाही. यांची नोंद ठेवा, पण डॉक्टरपुढे बसून 'औषधानेच झालं' असा हट्ट धरू नका.

आणि विडी-सिगारेट. सिलिका आणि धूम्रपान एकत्र आले की आमवाताचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही वाढतो. हे लपवू नका.

तपासून पाहा : तुमचं काम वरच्या पहिल्या दोन गटांत एखादं वर्षही बसलं असेल, तर पुढचे सगळे टप्पे तुमच्यासाठी आहेत. बसत नसेल आणि लक्षणं असतील, तर थेट टप्पा ४ आणि ५.

## टप्पा २ : पहिल्या कामापासून आजपर्यंतचा इतिहास कागदावर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक आत्ताची नोकरी तेवढी सांगतात. आजार मात्र वीस वर्षांपूर्वीच्या धुळीचा असू शकतो.

एक साधी वही घ्या. शाळा सुटल्यानंतरच्या पहिल्या कामापासून सुरुवात करा. सुट्टीत मामाच्या क्रशरवर केलेलं काम, मुंबईला किंवा सुरतेला काढलेली दोन वर्षं, सगळं. माण-खटावकडची माणसं मुंबईचा काळ हमखास विसरतात. खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांनी तर देशभर कुठे कुठे सोनं-चांदी गाळलं ते गावांच्या नावानिशी लिहावं. त्या कामाचे धोके वेगळे (आम्लाच्या वाफा, शिसं), पण डॉक्टरला पूर्ण चित्र लागतं.

प्रत्येक कामासाठी एवढं लिहा :

१. कोणत्या महिन्या-वर्षापासून कुठपर्यंत.
२. कारखान्याचं नाव, गाव, आणि ठेकेदारामार्फत असाल तर ठेकेदाराचंही नाव.
३. हाताने नेमकं काय करत होता.
४. दिवसाचे किती तास, आठवड्याचे किती दिवस. ओव्हरटाइम धरून.
५. शेड बंद की उघडी, धूळ ओढणारा डक्ट होता का, चालू असायचा का.
६. तोंडाला काय बांधत होता.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. हुद्दा लिहून काही उपयोग नाही. 'हेल्पर' म्हणजे गेटवर चहा आणणाराही असतो आणि नॉकआउटला उभा राहणाराही. उपयोगाची नोंद अशी दिसते :

*'जून २००६ ते मार्च २०११. ग्रे आयर्न फाउंड्री, कुपवाड. ठेकेदारामार्फत. फेटलिंग : अँगल ग्राइंडरने पंप केसिंग घासणे, रोज सुमारे ९ तास, आठवड्याला ६ दिवस. शेड तीन बाजूंनी बंद, डक्ट होता पण बहुतेक वेळा बंद. तोंडाला रुमाल. पाळी संपताना कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झाडायचो.'*

शेवटचं वाक्य पाहा. ते कुठल्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नसतं. पण कपड्यांवर हवा मारताना बसलेली बारीक धूळ पुन्हा नाकासमोर उठते, म्हणून अशा सवयीसुद्धा लिहून ठेवा.

तारखा आठवत नसतील तर पीएफच्या पोर्टलवर यूएएन टाकून सर्व्हिस हिस्ट्री काढा. कोणत्या आस्थापनेत कधी लागलात, कधी सुटलात, ते तिथे येतं. ठेकेदाराकडे असाल तर कारखान्याऐवजी ठेकेदाराचं नाव दिसेल. म्हणूनच जुनं गेटपास, हजेरी कार्ड, पगार स्लिप, ईएसआयचं कार्ड, जे सापडेल ते सांभाळा. पीएफ कापलाच जात नव्हता अशा काळासाठी त्या वेळच्या दोन सोबत्यांची नावं वहीत लिहा.

तपासून पाहा : दोन कामांमध्ये सहा महिन्यांहून मोठी रिकामी जागा राहिली आहे का? असेल तर घरच्यांना विचारा. बायकोला किंवा आईला अनेकदा तुमच्यापेक्षा जास्त आठवतं.

## टप्पा ३ : माल काय होता?

'पावडर', 'केमिकल', 'थिनर' ही उत्तरं अर्धवट. डब्यावरचं, पोत्यावरचं लेबल वाचता येईल असा मोबाइलवर फोटो काढा. कारखान्यात फोटोला बंदी असेल तर लपूनछपून काढू नका, नाव लिहून आणा. त्यावरून नोकरी जाण्यात शहाणपण नाही.

प्रत्येक रसायनाची एक सेफ्टी डेटा शीट असते, सोळा भागांची. ती स्टोअरमध्ये किंवा सेफ्टी ऑफिसरकडे मागायची. आपल्याला तिच्यातला तिसरा भाग पाहिजे, मालात काय काय आहे आणि किती टक्के. तिथे प्रत्येक घटकाचा एक सीएएस क्रमांक असतो. कागदावर तो इंग्रजी अंकांत दिसेल. क्वार्ट्झसाठी १४८०८-६०-७, वाळू खूप तापल्यावर तयार होणाऱ्या क्रिस्टोबलाइटसाठी १४४६४-४६-१, ट्रायक्लोरोइथिलीनसाठी ७९-०१-६. नावं कंपनीगणिक बदलतात, क्रमांक बदलत नाही.

सुट्टा, बिनलेबलाचा थिनर वापरात असेल तर तेच लिहा : 'कॅनमधून सुट्टा यायचा, लेबल नव्हतं'. ही माहितीही उपयोगाची आहे.

सावधान : काय आहे ते ओळखायला डब्याचा वास घेऊ नका.

## टप्पा ४ : लक्षणांची नोंद, फोटोसकट

बोटांचा रंग डॉक्टरच्या केबिनमध्ये क्वचितच बदलतो. डिसेंबरात पहिल्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना हँडलवरची बोटं पांढरीफटक पडतात आणि दुपारी ओपीडीत पोहोचेपर्यंत सगळं ठीकठाक असतं. म्हणून ज्या क्षणी होईल त्या क्षणी दोन्ही हातांचे फोटो, तळव्याकडून आणि वरून. फोटोत अंगठा आला पाहिजे.

अंगठा का? कंपनामुळे पांढरी पडणारी बोटं बहुधा हत्यार पेलणारी असतात. एका हातात जास्त, दुसऱ्यात कमी, आणि अंगठा बऱ्याचदा सुटतो. स्क्लेरोडर्मासारख्या आजारातला रंगबदल दोन्ही हातांत होतो, अंगठाही त्यात येऊ शकतो, कधी पायाची बोटंही. शिवाय त्यात बोटं कायमची फुगीर दिसतात, अंगठी निघत नाही, त्वचा चिमटीत धरता येत नाही, बोटांच्या टोकाला बारीक जखमा होऊन भरत नाहीत. हे ढोबळ फरक आहेत. अंतिम निर्णय डॉक्टरचा. ते नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या मोठ्या करून पाहतात, त्यात बरंच कळतं.

बाकी नोंद : सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात (अर्ध्या तासावर गेलं तर जरूर सांगा), जिना चढताना दम, कोरडा खोकला, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे, तोंडात फोड, गिळताना अडकणं, छातीत जळजळ, बसल्या जागेवरून हात न टेकता उठता येतं का.

लगेच दवाखाना गाठा, फाइल नंतर : रक्तदाब एकाएकी खूप वाढणे आणि सोबत डोकेदुखी किंवा धूसर दिसणे, लघवी कमी होणे, बसल्या बसल्या दम लागणे, बोटाचं टोक काळं पडणे, खोकल्यातून रक्त.

## टप्पा ५ : डॉक्टरकडे जाण्याआधी काय करायचं नाही

स्वतःहून एएनए करू नका. ही रक्ततपासणी म्हणजे निदान नव्हे. निरोगी माणसांचीही ती पॉझिटिव्ह येते. एका गाजलेल्या आंतरराष्ट्रीय तपासणीत १:४० या पातळीला (म्हणजे रक्तातला द्रव चाळीस पट पातळ करून पाहिल्यावर) निरोगींपैकी जवळपास ३२ टक्के, १:८० ला सुमारे १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले होते. सिलिकाच्या धुळीत काम केलेल्यांमध्ये आजार नसतानाही ती पॉझिटिव्ह सापडते. लक्षणांशिवायचा १:८० चा कागद हातात घेऊन झोप उडवून घेणारी माणसं खूप आहेत.

स्टेरॉइड मारून घेऊ नका. 'एक सुई घेतली आणि सांधे मोकळे झाले' याची गोडी मला ठाऊक आहे. पण स्क्लेरोडर्मा असेल तर दिवसाला १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन मूत्रपिंडाचा गंभीर झटका आणू शकतं. वात घालवण्याच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्या पुड्या सोबत घेऊन जा. आणि बरेच आठवडे स्टेरॉइड चालू असेल तर एकदम बंदही करू नका. ते कमी कसं करायचं, डॉक्टर सांगतील.

लगेच नोकरी सोडू नका. नोकरी गेली की अनेकदा ईएसआयही जातं. आधी निदान आणि कागद, मग धुळीपासून दूर होणं, आणि शक्यतो त्याच कारखान्यात दुसऱ्या विभागात.

## टप्पा ६ : तपासणी, योग्य क्रमाने

आधी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन, त्यांच्या चिठ्ठीने संधिवाततज्ज्ञ. मिरजेला तर दवाखान्यांची वाण नाही. शासकीय सोयीसाठी मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय, सांगली आणि साताऱ्याचं सिव्हिल, कऱ्हाड भागातल्यांना कृष्णा हॉस्पिटल (ते शासकीय नाही, ट्रस्टचं आहे). ईएसआय असेल तर सुरुवात ईएसआयच्या दवाखान्यातूनच करा, म्हणजे पुढचा रेफरल आणि रजेचे कागद एकाच साखळीत राहतात. नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

ओपीडीत वेळ कमी मिळतो. म्हणून वहीचा सारांश एका पानावर लिहून न्या, आणि पहिलं वाक्य असं ठेवा : "मी अमुक वर्षं फाउंड्रीत फेटलिंगला होतो, सिलिकाची धूळ होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून बोटं पांढरी पडतात." एवढ्यावर डॉक्टरच्या डोक्यात योग्य कप्पा उघडतो. वही मागितली तरच पुढे करा.

सहसा सांगितल्या जाणाऱ्या तपासण्या : रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, हिमोग्राम, ईएसआर-सीआरपी, एएनए आणि गरजेनुसार एससीएल-७०सारखी ठरावीक प्रतिपिंडं, आमवाताचा संशय असेल तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, छातीचा एक्स-रे, शंका असेल तर एचआरसीटी, फुप्फुसाची फुंकण्याची तपासणी आणि डीएलसीओ, हृदयाची इको. सगळ्या एकाच दिवशी कराव्या लागत नाहीत.

टीबीचा मुद्दा वेगळा लिहितो, कारण आपल्याकडे त्याचा गोंधळ फार. सिलिका घेतलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, आणि सिलिकोसिसच्या एक्स-रेला टीबी समजून औषधं सुरू झाल्याचीही उदाहरणं असतात. म्हणून थुंकीची तपासणी झाली का, जंतू सापडले का, हे विचारा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. आधी कधी टीबीचा कोर्स केला असेल तर ते कार्ड फाइलीत सगळ्यात वर लावा.

तपासून पाहा : दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी केसपेपर वाचा. 'व्यवसाय' या रकान्यात नेमकं काम आणि वर्षं आली आहेत का? नसतील तर तिथल्या तिथे विनंती करा. सहा महिन्यांनी ते शब्द घालून मिळत नाहीत.

## टप्पा ७ : धूळ आणि थिनर थांबवणं

निदान काहीही येवो, डोस कमी करायचाच आहे. क्रम असा : आधी धूळ उठूच न देणं, मग उठली तर ओढून घेणं, शेवटी मास्क. लोक शेवटापासून सुरुवात करतात.

उठू न देणं म्हणजे पाणी. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ ओल्याने कापा. क्रशरला जिथे दगड पडतो तिथे फवारा. शेडमध्ये कोरडा खराटा आणि कॉम्प्रेसरची हवा बंद. ओलं करून झाडा किंवा व्हॅक्यूम वापरा. ओढून घेणं म्हणजे ग्राइंडरजवळचा डक्ट, आणि तो चालू आहे याची खात्री. अगरबत्तीचा धूर डक्टच्या तोंडाशी धरला की तो ओढतोय की नुसता आवाज करतोय ते कळतं. (थिनर किंवा रंग असलेल्या जागी हा प्रयोग अजिबात नको.)

मास्कचं सांगायचं तर रुमाल, गमछा, निळा सर्जिकल मास्क यांनी सिलिकाची बारीक धूळ अडत नाही. आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी२ किंवा त्यावरचा मास्क, किंवा एन९५. दोन्ही पट्टे लावायचे, एक कानांखालून मानेमागे आणि एक डोक्यावर. एकच पट्टा अडकवून दुसरा हनुवटीखाली लोंबत ठेवलेला मास्क फाटक उघडं टाकून कुलूप लावल्यासारखा. दाढी असेल तर कडेने हवा आत येते. हे मास्क थिनरच्या वाफा अडवत नाहीत, त्याला वेगळं कार्ट्रिज लागतं. आणि हात धुवायला साबण किंवा हँड क्लीनर, थिनर नाही.

कंपन असेल तर हत्यार सैल धरा, हात गरम ठेवा, मध्ये मध्ये काम बदलून घ्या.

कामाचे कपडे घरी आणून अंगणात झटकू नका. धूळ घरच्यांच्या नाकात जाते.

विभाग बदलून मागताना 'तुमच्यामुळे मला आजार झाला' असं म्हणत दारात उभे राहू नका. डॉक्टरच्या सहीची 'धूळ व थंडीपासून दूर काम द्यावं' अशी चिठ्ठी जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणी सुपरवायझर बदलला की हवेत विरतात.

## टप्पा ८ : कायद्याचे कागद

इथे एक अडचण स्पष्ट समजून घ्या. कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे. स्क्लेरोडर्मा, ल्युपस, आमवात ही नावं तिथे नाहीत. म्हणून नुसत्या सांध्याच्या आजारावर भरपाई मागणं कठीण जातं. पण फुप्फुसात सिलिकोसिसही असेल तर रस्ता उघडतो. अशा वेळी दोन्ही निदानं वेगवेगळी, स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. 'फुप्फुसाचा जुनाट आजार' असला गुळमुळीत शेरा चालत नाही.

सिलिकोसिस आढळल्यावर तो सरकारला कळवण्याची जबाबदारी कारखान्याच्या व्यवस्थापनाची आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरचीही. कळवायचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. तुमचा जिल्हा पाहणाऱ्या कार्यालयात तुम्हीही अर्ज देऊ शकता. कारखान्यात झालेल्या आरोग्य तपासणीचे जुने अहवाल मागून घ्या. दहा वर्षांपूर्वीचा स्वच्छ एक्स-रे आजच्या एक्स-रेइतकाच मोलाचा असतो, कारण बदल त्यावरूनच दिसतो.

ईएसआय लागू असेल, म्हणजे साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार, तर दावा ईएसआयकडे. नसेल तर नुकसानभरपाईचा दावा मालकावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्यामुळे १९४८ चा कारखाने कायदा, १९२३ चा नुकसानभरपाई कायदा ही जुनी नावं आणि कलमं आता बदलली आहेत. जुन्या छापील नमुन्यावर अर्ज भरण्याआधी कार्यालयात किंवा युनियनच्या वकिलाकडून कलम तपासून घ्या. दाव्याला मुदत असते, आणि ती मोजताना निदानाची तारीख विचारली जाते. म्हणून ज्या केसपेपरवर आजाराचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं, तो वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात.

मूळ कागद कुणालाही देऊ नका. ना ठेकेदाराला, ना दलालाला, ना 'मी साहेबांशी बोलतो' म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला. झेरॉक्स द्या, आणि मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो ठेवा. एक्स-रेच्या फिल्मा गुंडाळून माळ्यावर टाकल्या की उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात. सपाट ठेवा, प्रत्येकीवर तारीख लिहा, आणि सीडी मिळाली असेल तर पुढच्या भेटीला फिल्मसोबत तीही न्या.